चरकाची पाळी आणि कडूची काकी

काष्टी, गुऱ्हाळावरून
माघ, १९७१

तीर्थस्वरूप दाजींच्या पायाशी,

धाकट्या मेहुण्याचा लांबूनच नमस्कार. (लांबूनच, कारण हात रसानं चिकट आहेत, आणि मागल्या खेपेला तुमच्या धोतराला लागलेला काकवीचा डाग आक्का अजून घासते आहे असं कळलं.) तुमची कंबर आता कशी आहे? आक्काचा खोकला कमी झाला का? या थंडीत तिला पहाटे उठून पाणी शेंदू देऊ नका, हे मी भाऊ म्हणून सांगतो आणि मेहुणा म्हणून विनंती करतो. उत्तराची वाट बघायला वेळ नसल्यामुळे आपण सर्व खुशाल आहात असं मी धरून चाललो आहे. नसाल तर कृपा करून व्हा, कारण हे पत्र वाचून झाल्यावर तुम्हाला थोडं चालायचं आहे.

आता मुख्य मुद्दा. आमच्या भीमासाठी तुम्ही बन्सीभाऊंच्या मुलीचं स्थळ सुचवलंत, मोठ्या मनानं मधे पडलात, आणि मुलीकडची माणसं परवा इकडे येऊन नवरामुलगा बघून गेली. एव्हाना बन्सीभाऊ तुमच्या ओट्यावर येऊन बसले असतील आणि गहिनीनाथाच्या गुऱ्हाळात बायामाणसं कच्ची कालवतात असं त्यांनी तुम्हाला सांगितलं असेल. हे खोटं आहे. म्हणजे तसं म्हटलं गेलं हे खरं, भीमानंच म्हटलं हेही खरं, आणि इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून म्हटलं त्यामुळे सगळ्या शिवारानं ऐकलं हे तर फारच खरं. पण असं का झालं ते ऐकल्याशिवाय मत करून घेऊ नका. यात माझी चूक नाही. असलीच तर ती थोडी भीमाच्या फेट्याची, थोडी कादरभाईंच्या वयाची आणि (रागावू नका) बरीचशी तुमची आहे.

भीमाला तुम्ही एकदा बघितलं आहे, पण तेव्हा तो पोत्यांच्या मागे लपला होता. माणूस लाजाळू आहे. वय तिशीच्या पलीकडे, आईबाप लहानपणी गेलेले, भाऊबंद नावाला. गेली कैक वर्षं तो आमच्या चरकावर ऊस घालतो. चरक म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या तीन लोखंडी लाटा. त्यांच्या तोंडाशी बसायचं आणि मोळीतला ऊस आत सारत राहायचा. दिसायला सोपं काम, म्हणून आमच्या वडिलांच्या काळापासून चरकावर बसलेला माणूस दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत तिथंच. मधे भाकरीपुरता उठतो आणि भाकरीसुद्धा चरकाकडे बघतच खातो. भीमानं याबद्दल कधी हूं की चूं केलं नाही. तो कशाबद्दलच करत नाही, हीच तर त्याच्याबाबतीतली अडचण आहे.

तर तुमचं स्थळाचं पत्र आलं आणि भीमानं नगरच्या कापडबाजारातून लालभडक फेटा आणला. लग्नाला अवकाश होता, मुलीकडची माणसं यायची होती, पण फेट्याला सवय व्हावी (फेट्याला, डोक्याला नव्हे, हे त्याचंच म्हणणं) म्हणून तो बांधून चरकावर बसू लागला. एके दिवशी दुपारी जेवणं झाली होती, ऊन उतरत नव्हतं, इंजिन एकसुरी टुकटुकत होतं, आणि भीमाला झोप लागली. आता भीमा उघड्या डोळ्यांनी झोपतो. त्याचे हात ऊस सारतच होते, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. मान मात्र खाली गेली, फेट्याचा लोंबता शेमला लाटांत गेला आणि चरकानं फेटा ओढायला सुरुवात केली. भीमाची मात्र दोरी ओढलेल्या भोवऱ्यासारखी गत झाली. फेटा उलगडतोय, भीमा फिरतोय, जागा होतोय, पुन्हा फिरतोय. शेवटचा वेढा सुटला तेव्हा तो पाचटाच्या ढिगावर पाय वर करून पडला होता आणि चरकाच्या दुसऱ्या अंगानं लालबुंद रस वाहत होता.

उकळत्या रसाच्या काहिलीपाशी कादरभाई उभे होते. (कादरभाई आमचे गुळवे. रस कधी उतरवायचा ते काहिलीच्या वासावरून सांगतात, आणि मागची वीस वर्षं स्वतःचं वय चाळीस सांगतात.) त्यांना तो लाल रस दिसला आणि ते मटकन राखेत बसले. मी धावत गेलो. भीमा हसत होता, मी त्याला एक शिवी दिली आणि त्याचे दोन्ही हात धरून बोटं मोजली. मग पुन्हा मोजली. सगळी होती. त्या काहिलीचा गूळ गुलाबी झाला. नगरच्या आडत्यानं ढेप फिरवून फिरवून पाहिली आणि हा गूळ आहे की नवरीचा शालू असं विचारलं. शेवटी तो आम्ही गावात वाटला, आणि आठवडाभर काष्टीतली अर्धी माणसं गुलाबी जिभा बाहेर काढून एकमेकांना दाखवत होती. आम्हीही हसलो. पण दाजी, खरं सांगतो, त्या संध्याकाळी ताटावर बसलो आणि माझीच बोटं मोजत राहिलो. फेट्याच्या जागी बोटं असती तर लग्न लागणार कुणाचं आणि अंगठी घालणार कशात?

म्हणून मी ठरवलं की चरकावरच्या माणसाची पाळी बांधायची. अमुक वेळ झाला की उठ, दुसरा बसेल. पण अमुक म्हणजे किती? मागे नगरला छोट्या कारखानदारांसाठी व्याख्यानं झाली होती, तिथं मी गेलो होतो. (चहा चांगला होता.) गळ्यात टाय बांधलेले एक साहेब म्हणाले होते की कामगार थकल्यावर त्याला बदलू नये, थकायच्या आधी बदलावं. थकायच्या आधी तो थकणार आहे हे ओळखायचं कसं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांची वेळ संपली. मी विचार केला, यात ओळखायचं काय, सरळ विचारावं.

विचारलं आणि फसलो. दाजी, आपल्या भाषेत हा शब्द फार वाईट आहे. मी भीमाला विचारलं, थकतोस का रे? तो असा कावराबावरा झाला की मी त्याला कामावरून काढतो आहे असंच त्याला वाटलं. कादरभाईंना विचारलं तर ते डोळे वटारून म्हणाले, "थकला म्हंजे? म्हातारा झालो का काय मी, मालक? चाळीस हाय माजं!" आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पिळलेल्या उसाचं चिपाड वाळवणाऱ्या बायकांची पुढारीण झुंबरबाई, तिला विचारलं तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "थकलं आसंल तुमचं इंजान. आमी बाया हाओत!" आणि सगळ्याजणी अशा खिंकाळल्या की मला माझ्याच गुऱ्हाळातून काढता पाय घ्यावा लागला. थकला म्हणजे वयानं गेला, अंगानं संपला, आता याला ओसरीवर बाजेवर टाका, असाच अर्थ आमच्याकडे होतो. मग कोण कशाला कबूल करील?

तेव्हा माणसाला न विचारता त्याचा थकवा ओळखायचा होता. युक्ती मला घरातच सापडली. मी दमलो की बायकोला आईच्या नावानं हाक मारतो, आणि मग त्या दिवशी साळू जेवण उशिरा वाढते. म्हणजे काय, तर माणसाचे हातपाय थकायच्या आधी जीभ थकते! जीभ घसरली की समजावं, आता बोटं घसरायची पाळी. या शोधानं मला इतका आनंद झाला की मी साळूला पुन्हा एकदा आईच्या नावानं हाक मारली. मग रात्रभर खपून जीभ घसरेल असं एक वाक्य तयार केलं. क वरचे शब्द आमच्या धंद्यात भरपूर. काहील आहे, काकवी आहे. माणसाचंही नाव क वरचं हवं होतं, आणि गुळाच्या गुऱ्हाळात कडू नाव असावं यात मला मोठी गंमत वाटली. वाक्य असं झालं:

कडूच्या काकीनं काहिलीतली कच्ची काकवी कालवली.

म्हणून बघा. आक्कालाही म्हणायला सांगा. ताजा माणूस बिनचूक म्हणतो. दमलेला माणूस काकी आणि काकवी यांची अदलाबदल करतो आणि मग काहिलीत काकवीऐवजी काकी पडते. काहील उतरली की मी शिट्टी फुंकायची, प्रत्येकानं आपल्या जागेवरून मोठ्यानं वाक्य म्हणायचं, आणि ज्याची काकी काहिलीत पडली त्यानं उठायचं. मला तर वाटत होतं की टायवाल्या साहेबांनी माझंच व्याख्यान ठेवावं.

पहिल्या दिवशी काय झालं ते लिहिताना अजून पोट दुखतं. कादरभाईंना पहाटे ताजेतवाने असतानासुद्धा ते वाक्य जमेना. त्यांच्या तोंडून काकवीच्या जागी दर खेपेला काकाच निघायचे. नियमाप्रमाणे ते कामावर येण्याआधीच थकलेले ठरले, आणि चाळीस वर्षांच्या माणसाचा हा अपमान असल्यानं त्यांना परीक्षेतून वगळावं लागलं. उलट झुंबरबाई आणि तिच्या बायका दिवसभर तोंड चालवून इतक्या तयार झालेल्या की एकीची जीभ घसरायला तयार नाही. नियमाप्रमाणे त्यांना संक्रांतीपासून शिमग्यापर्यंत सुट्टीच नव्हती. तेव्हा त्यांनी भांडून आपली पाळी माझ्याकडून ठरवून घेतली आणि वाक्य मात्र हौसेनं म्हणत राहिल्या. बाजाराला जाणारी माणसं रस्त्यात थांबून ऐकू लागली. गुऱ्हाळात कुणीतरी नवा देवऋषी बसवला आहे अशी आवई उठली, आणि एका म्हातारीनं तर चरकासमोर नारळ फोडला. (खोबरं कादरभाईंनी वाटलं.) पण या सगळ्या गोंधळात एक गोष्ट मात्र खरी निघाली. भीमा सकाळी वाक्य खणखणीत म्हणायचा, आणि रोज चार तासांच्या सुमाराला त्याची काकी हमखास काहिलीत पडायची. एक दिवस नाही, रोज. तेव्हा चरकाची पाळी चार तास, असं मी ठरवलं, आणि भीमानं उठून सावलीला बसायचं. पहिल्या दिवशी तो सावलीत बसला खरा, पण चोरी करून आल्यासारखा.

आणि परवा मुलीकडची माणसं आली. तुम्ही कळवलं होतं दुपारी येतील. मी त्या हिशेबानं भीमासाठी पाणी तापवायला सांगितलं होतं, नवा सदरा काढून ठेवला होता. पण त्यांना कांद्याचा ट्रक मिळाला आणि मंडळी दुपार व्हायच्या आधीच हजर झाली. बन्सीभाऊ आणि त्यांच्याबरोबर त्यांची भावजय, रतनबाई. चिपाडाच्या ढिगामागून ते आत येत होते, मला दिसले नाहीत, आणि नेमकी तेव्हा काहील उतरली. मी शिट्टी फुंकली.

झुंबरबाई आरोळी ठोकून म्हणाली, "कडूच्या काकीनं काहिलीतली कच्ची काकवी कालवली!"

ढिगामागून एक बाईमाणूस तरातरा पुढं आलं. म्हणालं, "मी? मी कवा कालवली? आत्ता तर ट्रकमधनं उतरले! हात बी लावला न्हाई तुमच्या काहिलीला!"

दाजी, तुमची चूक ती इथं आहे. तुमचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. मुलगी सालस आहे, मुलगी कामाला वाघ आहे, मुलगी वर्णानं उजळ आहे. सगळीकडे मुलगी, मुलगी, मुलगी. अहो, मुलीला नाव असतं! तिचं नाव कडूबाई आहे हे तुम्ही एका ओळीत लिहिलं असतं तर मी सखूच्या सासूवर वाक्य केलं असतं, मथुरेच्या मामीवर केलं असतं. भर गुऱ्हाळात उभ्या असलेल्या त्या बाई कडूच्या सख्ख्या काकी होत्या. मी शिट्टी तोंडात धरून उभा राहिलो. थांबवायचं सुचलंच नाही. झुंबरबाईच्या बायका एकामागून एक त्याच काकीनं तीच काकवी कालवल्याचं ओरडून सांगत गेल्या, आणि काकी दर खेपेला, न्हाई म्हनते ना, असं म्हणत राहिली. मग भीमाची पाळी आली. चार तास झालेले. तो पाठमोरा होता, त्याला कोण आलंय ते ठाऊक नाही. छाती भरून तो ओरडला, "कडूच्या काकवीनं काहिलीतली कच्ची काकी कालवली!"

बन्सीभाऊंच्या हातातली पिशवी पडली. मी धावत गेलो आणि नमस्कार करायचा सोडून समजूत घालू लागलो. काकी, मनावर घेऊ नका, तो थकलाय, थकला की तो असं बोलतो, असं मी म्हणालो. (आता वाटतं, त्यापेक्षा वेड लागलंय म्हणालो असतो तर बरं.) बन्सीभाऊंनी भीमाकडे वरून खाली पाहिलं आणि म्हणाले, "थकलाय? ह्या वयात? आन अजून दुपार बी झाली न्हाई! मी चार दिवस मोट हाकली हुती, डोळ्याला डोळा न्हाई. आन ह्यो जावई चार तासांत थकनार?" मी म्हणालो, अहो चरकावरच्या सगळ्यांनाच चार तास केलेत. ते म्हणाले, मग सगळंच गुऱ्हाळ थकलेलं दिसतंय.

भीमानं हे ऐकलं. तोंड उतरलं त्याचं. मग मान खाली घालून सरळ जाऊन तो पुन्हा चरकावर बसला आणि ऊस घालायला लागला. एरवी एक सारतो तिथं तीन सारत होता, लाटांकडे बघतसुद्धा नव्हता, सासऱ्याकडे बघत होता. मी न थकलेला आहे, बघा, असं त्याला दाखवायचं होतं. मी ओरडलो, त्यानं ऐकलं नाही.  एवढ्यात माझ्यापेक्षा मोठ्यानं कुणीतरी ओरडलं, "इंजान बंद करा! बंद करा म्हनते ना!" ती रतनबाई होती. कादरभाईंनी पट्टा सोडवला आणि इंजिन बंद केलं. चरक दोन वेढे घेऊन थांबला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा गुऱ्हाळात पाखरं ऐकू आली.

रतनबाई भीमापाशी गेली आणि त्याचे हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले. मग मला म्हणाली, "आता सांगा, ही माजी काकवी काय भानगड हाय." मी सगळं सांगितलं. फेटा, लाल रस, बोटं, साळूला आईच्या नावानं मारलेल्या हाका, सगळं. मला वाटलं ती हसेल. हसली नाही. चरकाच्या दगडावर टेकली आणि बन्सीभाऊंकडे न बघता त्यांनाच म्हणाली, "तुमचा भाऊ काय आळशी हुता का, दादा?" दाजी, तुम्हाला ठाऊक असेल, मला नव्हतं. तिचा नवरा उसाच्या हंगामात गाडी हाकत होता. सलग खेपा, रात्र नाही दिवस नाही, आणि सगळे त्याला वाघ म्हणत. वाघाला बसल्या जागी डुलकी लागली, तो जुवावरून खाली गेला आणि भरलेल्या गाडीचं चाक त्याच्यावरून गेलं. "त्याला कुनी येकदा थांबवून बोल म्हनलं आसतं ना," ती म्हणाली, "तर त्याची बी काकी काहिलीतच पडली आसती. मंग ही काकी आज पांढरं कपाळ घेऊन बसली नसती." बन्सीभाऊ पडलेली पिशवी उचलायला वाकले. मी डोळे पुसले. झुंबरबाईही पुसत होती, फक्त तिनं ते चिपाडाची धूळ म्हणून खपवलं.

मग रतनबाई उठली, पदर खोचला, आणि ते वाक्य एका दमात तीनदा बिनचूक म्हणून दाखवलं, शिवाय वर यात काय अवघड हाय असं विचारलं. (नियमाप्रमाणे तिला आम्ही पुढच्या दिवाळीपर्यंत कामावर ठेवू शकतो.) गरम काकवी आणि भाकरी खाल्ली, काकवी पुन्हा मागून घेतली, आणि जाताना मला म्हणाली, "जिथं माणसाला थकलास का म्हनून इचारत्यात, तिथंच माजी कडू द्यायची. पर मालक, चार तासाच्या वर ह्याला बसवलंत तर मी यीन आन तुमालाच काहिलीत कालवीन. कच्चं." बन्सीभाऊ मात्र हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. आबासाहेबांशी बोलून सांगतो एवढंच म्हणाले. आबासाहेब म्हणजे तुम्ही. म्हणून सगळं घडलं तसं लिहिलं आहे, काही हातचं राखलं नाही. बन्सीभाऊंना नीट समजावा. त्यांना सांगा की भीमा थकतो हे खरं आहे, पण थकून घरी येणारा जावई आहे. न येणाऱ्यापेक्षा तो कितीतरी बरा.

आक्काला नमस्कार. मुलांना गुलाबी गूळ हवा असेल तर कळवा, एक ढेप अजून शिल्लक आहे.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
गहिनीनाथ

ता. क. : वर मी उदार मनानं खूप लिहून गेलो आहे, पण साळूनं पत्र वाचलं आणि म्हणाली की खरं काम तर लिहिलंच नाही. ते असं. परवापासून भीमाला वाक्य म्हणता येत नाही. शिट्टी झाली की तो उभा राहतो, छाती भरून घेतो, "कडूच्या" एवढं म्हणतो आणि तिथंच थांबतो. कान लाल होतात. झुंबरबाईच्या बायका पदर तोंडात कोंबतात. सकाळी म्हणायला लावलं तरी तेच, दुपारी तेच. आता ज्याची जीभ अडली त्याला चरकावर बसवायचं नाही हा नियम माझा, आणि तो मोडला तर रतनबाई मला कालवणार. तेव्हा भीमा सकाळपासून सावलीत बसतो आणि चरकावर मी बसतो. माझी स्वतःची काकी पहिल्या काहिलीलाच आत पडते. या पत्रातलं अक्षर वाकडं आलं आहे ते त्यामुळेच. म्हणून दाजी, भीमाच्या सुखासाठी नव्हे, माझ्या दहा बोटांसाठी आजच्या आज बन्सीभाऊंकडे चालत जा आणि लग्नाची जवळात जवळची तारीख काढून आणा. एकदा कडू घरात आली, रोज भाकरी थापू लागली आणि रोज भांडू लागली की नाव घ्यायची सवय होईल.

ता. क. दुसरा : आत्ताच भीमाला म्हणालो की तुझी अडचण होत असेल तर वाक्यातलं नाव बदलतो, कडूच्या जागी दुसरं कुठलंही घालतो, आज दुपारपासून तुझा चरक तुला. एवढ्या वर्षांत या माणसानं माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आज मात्र पाचटाच्या ढिगाकडे बघत हळूच म्हणाला, "नगं, मालक. तेच ऱ्हाऊ द्या." तेव्हा वाक्य मी बदलत नाही. तारीखच काढा.